उबेराबाकर

आमची मुलगी वर्षभरासाठी बेल्जियमला गेली आणि तिच्या खोलीत ब्राझीलचा सतरा वर्षांचा मुलगा राहायला आला. रोटरीच्या युथ एक्स्चेंजचा हिशेब सरळ असतो: क्लबानं एक मूल पाठवायचं, एक सांभाळायचं. देश तोच असायला हवा असं नाही. यजमानाला पैसे मिळत नाहीत. परदेशी मूल घरी राहतंय याची सरकारी नोंद मात्र करावी लागते. शिवाय सूचना असते, की या मुलाला पाहुणा समजू नका, घरचाच समजा. ही सूचना लिहिणाऱ्यानं पुण्यातलं घर पाहिलेलं नसावं. आमच्याकडे घरच्या माणसाला बोलणी बसतात आणि लाडू पाहुण्याला मिळतात.

मुलांसाठीही नियम आहेत. ड्रायव्हिंग, ड्रिंकिंग, डेटिंग, ड्रग्ज, चारही बंद. माझ्या आईनं यादी नीट ऐकून घेतली. “तीन समजले,” ती म्हणाली, “पण गाडी न चालवता पुण्यात राहायचं कसं?”

त्याचं गाव उबेराबा, मिनास जेराइस राज्यातलं. आईनं नाव दोनदा घोळवलं आणि त्याला उबेराबाकर करून टाकलं. तोही बिचारा त्या हाकेला ओ देऊ लागला. रोज भात आणि घेवड्याच्या बियांची आमटी खाऊन वाढलेला मुलगा, त्यामुळे वरणभातावर त्याचं काही अडलं नाही. अॅव्होकॅडोत साखर घालून खायचा, तेव्हा आमच्याच बिल्डिंगमधली डाएटवाली मंडळी हळहळली.

उबेराबा म्हणजे काय चीज आहे ते मला पोळ्याला कळलं. नगरकडे मामाच्या गावी त्याला बैलांची मिरवणूक दाखवायला नेलं होतं. झुली, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरमाळा. त्यानं दोन-चार फोटो काढले आणि सरळ गोठ्याच्या मागच्या बाजूला गेला. तिथे मामाची एक गाय बांधलेली होती. फुगीर कपाळ, दुमडल्या पानासारखे लांब कान. हा तिच्यासमोर उकिडवा बसला आणि गावचं कुणी भेटावं तसा ओरडला, “जीर!”

गीरच ती. एकोणिसाव्या शतकापासून आपली गुरं जहाजांनी ब्राझीलला गेली. गीर, कांक्रेज, आंध्रातली ओंगोल. ओंगोलला तिकडे नेलोरे म्हणतात आणि त्यांच्या मांसाच्या धंद्याचा सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. गीर आणि होल्स्टीनच्या संकरातली गिरोलांदो त्यांना दूध देते. १९६०च्या सुमारास भावनगरच्या महाराजांच्या गोठ्यातली जनावरंही तिकडे गेली. उबेराबा ही या सगळ्या वशिंडवाल्या गोतावळ्याची राजधानी. दरवर्षी तिथे मोठं प्रदर्शन भरतं. आता तिकडच्या गीरचं वीर्य इकडे आणल्याच्या बातम्या आपण वाचतो. मामानं हे सगळं ऐकलं आणि गंभीरपणे विचारलं, “मग हा पाहुणा कसला? हा तर सोयरा!” त्या रात्री सोयऱ्याला तिसरी पुरणपोळी नाही म्हणता आली नाही.

आमची मुलगी बेल्जियममध्ये जेवणानंतर रोज भांडी आवरते, असं ती फोनवर सांगते. बायको फोन कानापासून लांब धरून माझ्याकडे बघते. उबेराबाकरही इथे अंथरुणाची घडी घालतो. त्याच्या आईला ते सांगितलं तर तिनं फोटो मागितला.

खरा प्रसंग एकादशीला घडला. आईनं खिचडी वाढली. त्यानं एक दाणा दोन बोटांत धरला आणि म्हणाला, “मांजोका!” मांजोका म्हणजे कसावा. साबुदाणा त्याच कंदाचा, आणि तो कंद मूळचा ब्राझीलकडचाच. मग मला राहवलं नाही. शेंगदाणा, बटाटा, मिरची, ताटातलं रताळंसुद्धा, सगळं अमेरिका खंडांकडून आलं, पोर्तुगीजांच्या वगैरे काळात, हे मी सांगून टाकलं. आईचा घास हातात थांबला. साठ वर्षांचे उपास एका क्षणात ख्रिस्तावाच्या बोटीवर चढले होते.

“वरी?” तिनं हळूच विचारलं.

“वरी आपली.”

“मग झालं तर,” म्हणून तिनं घास घेतला आणि त्याला आणखी खिचडी वाढली. तेव्हापासून तो प्रत्येक एकादशीला तिच्या पंगतीला असतो. ‘उपास’ म्हणजे या घरात जास्त खायचा दिवस, अशी त्याची समजूत आहे आणि ती चुकीची आहे असं मला सिद्ध करता आलेलं नाही.

परवा त्यानं घरून आलेलं मांजोकाचं पीठ काढलं. त्याच्या गावाकडे त्याचे चीज घातलेले छोटे पाव करतात, पांव द केजू. आईनं उलटतपासणी घेतली. पीठ चालतं. चीज दुधाचंच, चालवून घेऊ. दूध चालतं. अंड्यापाशी घोडं अडलं. एकादशी दोन दिवसांवर, आणि तिला तर ते उपासालाच हवे होते. मग उबेराबाला व्हिडिओ कॉल लागला. तिकडे सकाळ होती, त्याची आजी कॉफी पीत बसलेली. अंड्याशिवाय होतील का, त्यानं विचारलं. पलीकडे बराच वेळ पोर्तुगीज झालं. इकडे आई पडद्याकडे टक लावून.

“काय म्हणते?”

“म्हणते, मग करूच नका.”

“बघ,” आई मला म्हणाली, “चांगल्या घरातली दिसते.”