नकाराचा दाखला

रेडिंगच्या आमच्या फ्लॅटमध्ये मोबाइलचं इंटरनेट फक्त न्हाणीघरात चालायचं. तेही टबच्या कडेवर चढून उजवा हात छताच्या पंख्यापर्यंत नेला तर. साताऱ्याजवळ गोठ्यात उभी असलेली आई व्हिडिओ कॉलवर लख्ख दिसायची, मागच्या म्हशीच्या शेपटीसकट. आणि इंग्लंडात राहणारा मी तिला दिसायचो तोंड उघडं टाकून थिजलेला. "असाच गप्प राहा, बरा दिसतोस," असं ती एकदा म्हणाली आणि मोबाइल कंपनीशी केलेला करार मोडायचाच, असं मी ठरवलं.

करार चोवीस महिन्यांचा होता. फोनवरून केलेला, त्यामुळे पहिल्या चौदा दिवसांत कारण न देता मोडायची कायद्यानेच मुभा होती. ते दिवस मी 'नवी सून आहे, रुळेल' असं म्हणत नेटवर्कला सांभाळून घेण्यात घालवले. मुदत उलटली आणि सून माहेरी निघून गेली.

ब्रिटनमध्ये 85075 वर 'इन्फो' एवढाच मेसेज पाठवला की करार मधेच सोडायला किती भरावे लागतील ते कळतं. मला कळलं, अडीचशे पौंडांच्या आसपास. इतकी वर्षं इथे काढूनही पौंडाला शंभराने गुणायची खोड काही जात नाही. पंचवीस हजार! गावाकडे तेवढ्यात पाव म्हैस येते.

मग मी कायदा वाचायला बसलो. (न्हाणीघरातच, दुसरीकडे पान उघडत नव्हतं.) 2015 च्या ग्राहक हक्क कायद्याप्रमाणे सेवा वाजवी काळजीने आणि कौशल्याने द्यायला हवी, हे वाचून मला स्फुरण चढलं. ऑफकॉम या नियामक संस्थेला मी चार पानी पत्र लिहिलं. त्यात 'लोकशाही' हा शब्द दोनदा आला होता, असं बायको सांगते. ऑफकॉम एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवतच नाही, हे मला पत्र गेल्यावर समजलं. रीत अशी की आधी कंपनीकडे तक्रार करायची. आठ आठवड्यांत निकाल लागला नाही (ही 2023 ची गोष्ट, तेव्हा मुदत तेवढी होती) तर स्वतंत्र लवादाकडे जायचं, ते ग्राहकाला फुकट. मात्र कंपनीने त्याआधीच 'डेडलॉक लेटर' दिलं, म्हणजे आमच्याकडून याउपर काही होणार नाही असं लिहून दिलं, तर थांबायची गरज नाही.

थोडक्यात, मला नकार हवा होता. लेखी.

मी अशा मुलखातून आलोय जिथे पिशवीतून अर्ज बाहेर काढायच्या आत खिडकीतून नकार मिळतो. पोरसवदा वयापासून मी बँकांचे, कचेऱ्यांचे आणि एकदोन मुलींच्या वडिलांचे नकार पचवलेत. एक साधा नकार मिळवणं मला जड जाईल, असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

पण इथली माणसं नाही म्हणेचनात. पहिल्या बाईंना इतकं वाईट वाटलं की मीच त्यांची समजूत घातली. दुसऱ्या गृहस्थांनी, तुमच्या भागात नकाशावर सिग्नल उत्तम आहे, असं आनंदाने सांगितलं. तो नकाशा घराबाहेरचा होता. आमच्या नव्या इमारतीच्या खिडक्यांना ऊब आत राहावी म्हणून धातूचा पातळ थर दिलेली काच आहे आणि ती काच उबेबरोबर सिग्नलही अडवते. "मग खिडकी उघडून पाहिलीत का?" त्यांनी विचारलं. जानेवारी होता. मी उघडली. सिग्नल एक रेघ आला, आणि मला ताप.

"मला डेडलॉक लेटर द्या," मी नाकातून म्हणालो.

"छे, छे! आम्ही तुमची साथ सोडणार नाही," ते म्हणाले. लग्नात मीसुद्धा इतक्या ठामपणे बोललो नव्हतो.

मुदत संपत आली तेव्हा कंपनीतल्या त्या विभागातून फोन आला, ज्याचं कामच निघालेल्या माणसाला थोपवून धरणं. मी टबावर चढलो. पलीकडचा आवाज मधाळ. त्रासाबद्दल दिलगिरी म्हणून सुटकेची फी पूर्ण माफ, तसा ईमेलही आत्ताच पाठवलाय. मी विजयाने मूठ वळली. "पण," आवाज म्हणाला, "तुम्ही गेलात तर आम्हाला फार वाईट वाटेल. अर्ध्या पैशात, दुप्पट डेटा, आणखी चोवीस महिने?"

आता हे कबूल करायला संकोच वाटतो, पण कोणी आपल्यावाचून हळहळतंय हे परदेशात फार क्वचित ऐकायला मिळतं. माझा गळा दाटून आला. "बरं, चालेल," असं मी म्हणालो. मग दुप्पट उत्साहाने पुन्हा म्हणालो. पलीकडे शांतता. मी हात पंख्याच्या आणखी जवळ नेला. कॉल केव्हाच कटला होता.

"परत लावतो," मी म्हणालो.

बायकोने माझ्या हातातून फोन घेतला, आधी ईमेल नीट वाचला, मग 65075 वर 'पीएसी' ही तीन इंग्रजी अक्षरं पाठवली. नंबर दुसरीकडे नेण्याचा कोड मिनिटभरात आला. त्या नेटवर्कवरून आमच्या घरात इतक्या झटपट दुसरं काही आल्याचं मला आठवत नाही.