पाऊस, चिखल आणि ‘कोण गेलं?’

नंदुरबार तालुक्यातल्या धानोऱ्यासारख्या गावात भर पावसात कुणी पळताना दिसलं, की बघणाऱ्याच्या मनात तीनच शंका येतात. एसटी सुटली असेल, गुरं सुटली असतील, नाहीतर कुणीतरी गेलं असेल. पहिल्या दोन शंका जागेवरच फिटतात. रस्त्यावर एसटी दिसत नाही आणि गुरं गोठ्यात रवंथ करत उभी असतात. उरते तिसरी. मग पळणाऱ्याला हात करून थांबवलं जातं आणि आवाज खाली आणून विचारलं जातं, “कोण गेलं?”

कुणीच गेलेलं नसतं. चाळिशी ओलांडलेले, बदलीवर आलेले एक सर डॉक्टरांनी साखरेचा आकडा मोठ्याने वाचून दाखवल्यापासून रविवारी सकाळी लांब पळायला जातात, एवढीच बातमी असते. पण ती कुणाला पटत नाही. “व्यायाम करतोय” हे उत्तर ऐकून समोरचा माणूस छत्री जरा मागे कलती करतो आणि सरांना खालपासून वरपर्यंत न्याहाळतो. गुडघ्यापर्यंत चिखल, चष्म्यावर पाणी, ओठ निळसर. जी गोष्ट तब्येतीसाठी करायची ती करताना माणूस इतका आजारी कसा दिसतो? “घरमा भांडण व्हयनं का, सर?” असा पुढचा प्रश्न अहिराणीतून येतो आणि त्यात थट्टा नसते, मनापासूनची काळजी असते.

पळायला गावाची हरकत नाही, पण कारण लागतं. आणि एक कारण असं आहे, की ते सांगितलं की पुढे कुणी काही विचारत नाही. भरती.

पहाटे अंधारात डांबरी रस्त्याच्या कडेने पोरं-पोरी पळत असतात. त्यांना कुणी अडवत नाही. “भरतीचा आहे” म्हटलं, की म्हातारी माणसंसुद्धा बैल बाजूला घेतात. पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीला ५० गुण असतात आणि त्यातले २० एकट्या धावण्याचे. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. मुलाने १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत संपवले, की विसाच्या वीस पदरात. वनरक्षक व्हायचं तर पळून झाल्यावर ४ तासांत २५ किलोमीटर चालूनही दाखवायचं, मुलींनी १६. जंगल हातातून निसटू नये म्हणून सरकारने घेतलेली ही खबरदारी असावी.

या मंडळींना पाऊस हा हवामानाचा विषय वाटत नाही, तो अभ्यासक्रमाचा भाग आहे. जून २०२४मध्ये राज्यभर पोलीस भरतीची मैदानी चाचणी सुरू झाली ती १९ तारखेला, म्हणजे पाऊस दारात येऊन उभा असताना. जागा १७ हजारांच्या वर, अर्ज १७ लाखांच्या वर. काही ठिकाणी मैदानाचं तळं झालं आणि चाचण्या पुढे ढकलाव्या लागल्या. चिखलात सराव केलेल्यांनी त्या दिवशी मनातून जुलै-ऑगस्टचे आभार मानले असतील.

सरांचं भरतीचं वय मात्र केव्हाच उलटलेलं. त्यामुळे त्यांचं पळणं कायम विनाकारण या सदरात पडतं. पोलीस भरतीतला एखादा मुलगा वाटेत गाठतो, चार पावलं सोबत करतो, “सर, हात जरा खाली ठेवा” असा सल्ला देतो आणि पुढे निघून जातो. शाळेत ज्याला कान धरून उभं केलं, त्यानेच पळताना हात कुठे ठेवायचे ते सांगावं, याला काळाचा महिमा म्हणायचं.

आता त्या निळसर ओठांचं, म्हणजे थंडीचं. जुलैतल्या धानोऱ्यात हाडं गोठत नाहीत, हे मान्य केलं पाहिजे. थंडी अनुभवायची तर डिसेंबर-जानेवारीत सातपुड्यात चढावं. तोरणमाळला स्वेटर लागतो आणि डाबकडे तर गवतावरचं दव गोठल्याच्या बातम्या येतात. तरीही भर पावसात, वारा समोरून असताना तासभर पळून माणूस थांबला, की भर जुलैतही दात वाजतात. यामागे सरळ शास्त्र आहे. पळताना स्नायू जेवढी ऊर्जा जाळतात, तिच्यातली साधारण तीन चतुर्थांश उष्णता होऊन बाहेर पडते. पळतोय तोवर माणूस स्वतःची शेगडी स्वतः घेऊन फिरत असतो. थांबला की शेगडी विझते, ओले कपडे मात्र अंगावर तसेच. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. म्हणजे पावसात पळणाऱ्याचं खरं नुकसान पाऊस करत नाही. “कोण गेलं?” विचारायला थांबवणारा करतो.

आणि थांबला की चिखल चिकटतो. इथली काळी माती कापसाला फार मानवते, बुटाला नाही. बेसाल्टपासून झालेल्या या मातीतल्या चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात आणि मिळेल त्याला घट्ट धरतात. रस्ता सोडून शेताच्या कडेने शंभर पावलं गेलं, की प्रत्येक पायाखाली मातीचा एक वेगळा बूट तयार होतो. उंची वाढते, वेग घटतो. महागडे बूट घेताना दुकानदाराने त्यांचं वजन किती ग्रॅम कमी आहे हे कौतुकाने सांगितलेलं असतं. ते ग्रॅम इथे पहिल्याच बांधावर व्याजासकट परत येतात. भरतीची पोरं म्हणूनच डांबर सोडत नाहीत, आणि सोडलंच तर बूट हातात घेतात.

पावसाळी पळण्याला प्रतिष्ठा हवी असेल तर साताऱ्याला जावं. २०१२पासून तिथे सातारा हिल हाफ मॅरेथॉन होते. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याने जायचं आणि परत यायचं, एकूण २१ किलोमीटर. हंगाम पावसाळ्याचा. २०१५मध्ये तिथे डोंगरी धावण्याच्या शर्यतीत सर्वाधिक धावपटूंचा गिनीज विक्रम झाला. तिथे हजारो माणसं एकाच वेळी विनाकारण पळतात, त्यामुळे कुणी कुणाला कारण विचारत नाही. धुक्यातून वर गेलेल्यांना खाली टाळ्या मिळतात, पदक मिळतं आणि गळ्यात पदक घालून काढलेला फोटो वर्षभर पुरतो. धानोऱ्यातल्या पळण्याला फार तर कुत्र्यांची साथ मिळते, तीही त्यांची हद्द संपेपर्यंत.

पण पावसात लांब पळण्याची मराठी मुलखाची ओळख साताऱ्याहून फार जुनी आहे, शंभर वर्षांपूर्वीची. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत शेतकरी घरांतले गडी अनवाणी लांब पल्ल्याचं पळताना सर दोराबजी टाटांनी पाहिले. त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जात होत्या. दुसरा कुणी असता तर कौतुक करून घरी गेला असता. टाटांनी थेट ऑलिम्पिकची खटपट सुरू केली. १९२०च्या अँटवर्प ऑलिम्पिकला जे मोजके भारतीय गेले, त्यांत बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते. मॅरेथॉन झाली ती थंड, पावसाळी हवेत. शिवाय त्या वर्षीचा मार्ग ४२.७५ किलोमीटरचा, ऑलिम्पिकच्या इतिहासातला सगळ्यांत लांब. आजच्या मॅरेथॉनपेक्षा साडेपाचशे मीटर जास्त. फिनलंडचे हान्नेस कोलेहमाइनेन पहिले आले आणि चौगुले २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत एकोणिसावे. बेळगावच्या पावसात वाढलेल्या माणसाला बेल्जियमची हवा अगदीच परकी वाटली नसावी. त्यांच्यासोबत मॅरेथॉनला उतरलेल्या सदाशिव दातारांना मात्र शर्यत पुरी करता आली नाही.

चौगुलेंना कारण विचारणारं कुणी भेटलं असेल का? बहुधा त्या काळीही भेटलं असेल. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतला कारण कधी शोधावं लागलं नाही. पाणी आणायला लांब जायचं, पळत गेलं की लवकर होतं, हे पुरेसं होतं. ती ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ पुढे २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरचं कांस्यपदक घेऊन आली आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. मग आजूबाजूच्या पाड्यांवर पोरी पळायला लागल्या. एका पदकाने अख्ख्या तालुक्याला कारण पुरवलं.

सर सांगतात त्या या धावपटूंपैकी गावातल्या चहाच्या टपरीवर सगळ्यांत जास्त खल झाला तो जपानच्या युकी कावाउचींवर. १६ एप्रिल २०१८ची बोस्टन मॅरेथॉन. गारठवणारा पाऊस, समोरून वारा, पारा जेमतेम ३-४ अंशांवर. नावाजलेले धावपटू एकामागून एक शर्यत सोडत होते. कावाउचींना मात्र असली हवा आवडते. त्याच वर्षीच्या १ जानेवारीला अमेरिकेतच मार्शफील्ड इथे उणे १७ अंशांत ते मॅरेथॉन पळले होते आणि शर्यत पुरी करणारे एकटेच होते. पहिलेही तेच, शेवटचेही तेच. बोस्टनमध्ये शेवटच्या टप्प्यात त्यांनी केनियाच्या जेफ्री किरुईंना गाठलं आणि २ तास १५ मिनिटं ५८ सेकंदांत शर्यत जिंकली. महिलांमध्ये पहिल्या आलेल्या डेझिरे लिंडेन व्यावसायिक धावपटू, पण दुसऱ्या आल्या सारा सेलर्स, पेशाने परिचारिका.

आणि कावाउची? सायतामा प्रांतात शाळेच्या कार्यालयात नोकरी करणारे सरकारी कर्मचारी. सरांनी हे रंगवून सांगितलं तेव्हा टपरीवर शांतता पसरली. भरतीचा एक मुलगा कपातला शेवटचा घोट तसाच ठेवून म्हणाला, “म्हणजे सरकारी नोकरी लागलेली होती?”

“होती ना.”

“पक्की?”

“पक्की.”

“मग पळत कशाला होता?”

सरांकडे याचं उत्तर नव्हतं. पुढच्याच वर्षी त्या माणसाने पूर्णवेळ पळण्यासाठी ती नोकरी सोडली, हे सांगायचं त्यांनी टाळलं. पोरांच्या मनावर भलता परिणाम नको.

मे २०२१मधली एक गोष्टही त्याच टपरीवर निघाली, आणि तेव्हा कुणी हसलं नाही. चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीला १७२ जण निघाले होते. वर चढताना अचानक थंड पाऊस, गारा आणि वादळी वारा आला. बहुतेकांच्या अंगात पातळ कपडे. वारा अडवणारं जाकीट आयोजकांनी सक्तीचं केलेलं नव्हतं. २१ धावपटू गारठून गेले. जे वाचले त्यांतल्या सहा जणांना झू केमिंग नावाच्या मेंढपाळाने गुहेत नेऊन, शेकोटी करून जगवलं. मेंढ्या होत्या म्हणून तो तिथे होता. गोष्ट ऐकून टपरीवाल्याने एवढंच विचारलं, “मेंढ्या सुखरूप ना?”

थंडी आणि पाऊस असे एकत्र आले, की पळणं काय असतं हे नंदुरबारकरांना शिकवायची गरज नाही. पाऊस संपला की शहराभोवती मिरचीच्या पथारी लागतात, जमिनीवर लाल गालिचे पसरतात. आणि नेमका तेव्हा कधीतरी अवकाळी येतो. नोव्हेंबर २०२३च्या अखेरीस उत्तर महाराष्ट्रात असाच पाऊस आणि गारा झाल्या. आभाळ भरून आलं, की पथारीवरची बाया-माणसं, शेठ, हमाल, पोरं, सगळी ताडपत्री घेऊन सुटतात. तिथे वजन, वय, गुडघेदुखी काही आड येत नाही. रोज लिंबूपाणी पिऊनही ज्यांचं वजन घटलं नाही, ते शेठजी त्या दिवशी भरतीच्या १०० मीटरमध्येही गुण मिळवून जातील. सरांनीही एकदा ताडपत्रीचं एक टोक धरलं. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांना पळताना पाहून कुणी काही विचारलं नाही.

एरवी पावसात लांब पळायचं तर पथ्यं थोडीच, पण अनुभवातून आलेली. सुती बनियन घालू नये. पाणी पिऊन तो जड होतो आणि घासून घासून अशा जागी कातडी सोलतो, की डॉक्टरांना दाखवायचीही पंचाईत. मांड्यांना आणि पायाच्या बोटांना आधी खोबरेल चोळावं. वीज कडाडायला लागली, की वेळ नोंदवणारं घड्याळ विसरून पक्कं घर गाठावं, झाड गाठू नये. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेच्या पुढाकाराने झालेलं ‘दामिनी’ ॲप आसपास वीज पडण्याचा इशारा देतं. कोरडा सदरा शेवटच्या थांब्यावर आधीच ठेवून द्यावा. आणि वाटेत कुणी थांबवलं, तर उभं न राहता जागच्या जागी पाय हलवत उत्तर द्यावं. समोरच्याला ते विचित्र दिसतं. पण त्याचं मत तोवर तसंही बनलेलं असतं.

राहता राहिले बूट. ते चुलीजवळ ठेवायचा मोह होतो. ठेवले की डिंक सुटतो आणि तळवा जिभेसारखा बाहेर लोंबतो. त्यापेक्षा आतून वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत, दोन तासांनी बदलावेत. यासाठी कोणतं पान चांगलं यावर सरांच्या घरी प्रयोग झाले आहेत. पहिलं पान कुणी अजून वाचलेलं नसतं. शेतीच्या पानावर सासरे हक्क सांगतात. राशिभविष्य तर संध्याकाळपर्यंत जपून ठेवावं लागतं. बिनविरोध मिळते ती रविवारची आरोग्य पुरवणी. ‘पावसाळ्यात फिट राहण्याचे दहा मंत्र’ हे अख्खं पान सध्या डाव्या बुटात आहे. उजव्यात वजन घटवण्याचा तक्ता गेला आहे, आणि त्याच्याखाली छापलेल्या भज्यांच्या पाककृतीचा तुकडा बाईसाहेबांनी आधीच कापून घेतला आहे.