नाना गोल्फ क्लबवर असतात

स्थळ सुचवणाऱ्या मावशींनी माझ्या आईला चारच गोष्टी सांगितल्या होत्या : मुलगी बी.कॉम. आहे, वर्ण निमगोरा आहे, घर नाशिकला आहे आणि वडील रोज सकाळी गोल्फ क्लबवर असतात. चौथ्या गोष्टीनं आमच्या डोंबिवलीच्या दोन खोल्यांत शांतता पसरली. बाबांनी चष्मा काढून पुसला. आई म्हणाली, "एवढ्या मोठ्या घरची मुलगी आपल्या गॅलरीत कपडे कशी वाळत घालेल?" तरीही जायचं ठरलं आणि माझ्यासाठी ब्लेझर शिवला गेला. एप्रिल महिना होता.

नाशिकला रिक्षावाल्याला "गोल्फ क्लब" म्हटल्यावर त्यानं एका मैदानाशी आणून सोडलं. कडेकडेनं निम्मं नाशिक चालत होतं, मधे पोरांचं क्रिकेट रंगलं होतं. गोल्फचा मागमूस नाही. मैदानाचं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. १९०९ साली कलेक्टर जॅक्सनवर गोळी झाडणाऱ्या कान्हेऱ्यांचं नाव मैदानाला मिळालं, तिथे रणजीचे सामने झाले, पण नाशिककरांच्या जिभेवरचा साहेबाचा गोल्फ काही हटला नाही. आजही लोक "गोल्फ क्लबवर चार फेऱ्या मारून येतो" म्हणतात आणि येताना कोथिंबीर घेऊन येतात.

त्या गर्दीत पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ चालता चालता एकदम उकिडवे बसले आणि एक डोळा मिटून जमिनीकडे बघू लागले. काही पडलं असेल म्हणून मी शोधायला वाकलो. "सरका, सरका," ते म्हणाले, "लाइनमध्ये येताय." हे माझे भावी सासरे, नाना. ब्लेझर घालून आलेल्या माणसाला त्यांनी त्या दिवशी मुलगी देऊ केली, ती त्या ब्लेझरमुळेच, असा मला अजून संशय आहे. तो हिरवा होता, आणि ऑगस्टाच्या मास्टर्स स्पर्धेत जिंकणाऱ्याला हिरवंच जॅकेट चढवतात हे मला फार उशिरा कळलं.

नानांनी जन्मात गोल्फची काठी हातात धरलेली नाही. (काठी म्हटलेलंही त्यांना चालत नाही. 'क्लब' म्हणायचं. मग क्लबवर जाणारे नाना क्लब न घेता जातात, असं काहीतरी वाक्य होतं.) ते पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर म्हणून लागले आणि नांदूर मध्यमेश्वरच्या कालव्यांवर, चाऱ्यांवर, पोटचाऱ्यांवर उमेदीची वर्षं उतार मोजायच्या डंपी लेव्हलला डोळा लावून काढली. समोर खलाशी, म्हणजे खात्यातला मदतनीस, मोजपट्टीचा स्टाफ धरून उभा आणि नाना आकडे लिहून घेताहेत. हजारात किती उतार, पाणी कुठे पळेल, कुठे तुंबेल, हे त्यांना नुसत्या नजरेनं कळायचं. "पाणी मंत्र्याचं ऐकत नाही, जावईबापू, उताराचं ऐकतं," हे त्यांचं वाक्य मी साखरपुड्यापासून ऐकतो आहे.

तर जुलै १९९९ मध्ये एका रविवारी रात्री नाना टीव्हीवर वाहिन्या चाळत होते, आणि एका वाहिनीवर त्यांना पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, बूटमोजे काढून ओढ्यात उभा असलेला माणूस दिसला. नानांना वाटलं, आपल्याच खात्याचा. तो निघाला फ्रान्सचा जाँ व्हॅन दे वेल्ड आणि तो ओढा स्कॉटलंडमधल्या कार्नूस्टीचा बॅरी बर्न. ब्रिटिश ओपनच्या शेवटच्या होलवर त्याच्याकडे तीन फटक्यांची आघाडी होती. सहा फटके मारले असते तरी जिंकला असता. त्यानं सात मारले आणि पुढे प्लेऑफमध्ये हरला. जगानं त्याला वेड्यात काढलं. नानांचं मत वेगळं पडलं. "पाण्यात उतरला ते बरोबरच. जागेवर जाऊन पाहणी केल्याशिवाय निर्णय घ्यायचा नसतो. पाहणी केली आणि मुकाट्यानं दंड घेतला. आणि त्या ओढ्याच्या भिंतींचं दगडकाम बघा, काय पॉइंटिंग आहे!" त्याच रात्री त्यांनी खेळाडूला हिरवळीवर उकिडवं बसून उतार वाचताना पाहिलं, शेजारी पिशवी घेऊन खलाशी उभा, आणि नानांचं आयुष्य मार्गी लागलं.

मार्गी लागलं ते त्यांचं. घरच्यांचं पार बदललं.

टीव्हीवरचे समालोचक कुजबुजतात म्हणून नानांच्या घरातही कुजबुजायचं असा नियम झाला. सासूबाईंना तो कधीच पटला नाही. "आपण नाशकात बोललेलं त्याला अमेरिकेत ऐकू जातं होय?" पट, म्हणजे हिरवळीवर भोकाकडे हलकेच ढकलायचा फटका, मारायच्या वेळी कुकरची शिट्टी झाली तर नाना स्वयंपाकघराकडे बघत नाहीत, फक्त डोळे मिटून घेतात. भाषेचाही घोळ झाला. पारपेक्षा, म्हणजे होलला ठरवून दिलेल्या फटक्यांपेक्षा, एक फटका जास्त लागला की बोगी, एक कमी लागला की बर्डी. भाजी खारट झाली की "आज बोगी", मीठ आणि तिखट दोन्ही जास्त पडलं की "डबल बोगी". हे ऐकून शेजारच्या काकूंनी नाशिकरोडला गाडीला जादा डबे लागल्याची बातमी गल्लीभर केली होती. नागपूरच्या माझ्या साडूंची तर वेगळीच तऱ्हा. नाना आनंदानं "बर्डी! बर्डी!" ओरडले की ते चमकून विचारतात, "बर्डीवर काय झालं?" सीताबर्डीवर त्यांचं दुकान आहे.

सगळ्यात अवघड गेलं ते उणे आकड्यांचं. क्रिकेटवर पोसलेल्या घराला, ज्याच्या धावा कमी तो पुढे, हे पचणं कठीण. सासूबाईंनी एकदा विचारलं होतं, "उणे नऊ म्हणजे पास की नापास?"

मात्र एक सकाळ अशी आली की अख्खी कॉलनी नानांच्या दाराशी उभी राहिली. ७ ऑगस्ट २०२१, शनिवार. टोकियो ऑलिंपिकमध्ये बंगळुरूची अदिती अशोक तीन फेऱ्यांनंतर दुसऱ्या क्रमांकावर होती. ज्या देशाला आदल्या रात्रीपर्यंत गोल्फ म्हणजे हिंदी सिनेमातल्या कारखानदार बापाचा धंदा वाटत होता, तो देश पहाटे उठून पटची रेषा बघू लागला. कोविडचे दिवस, म्हणून नानांनी कुणाला आत घेतलं नाही. माणसं मास्क लावून खिडकीच्या जाळीबाहेर उभी होती आणि नानाही मास्क लावून आतून कुजबुजत समालोचन करत होते. कुणाला अक्षर ऐकू येत नव्हतं. तरी कुणी हललं नाही. अदितीची पिशवी तिची आई वाहत होती, हे कळल्यावर सासूबाईंनी पहिल्यांदा टीव्हीसमोर बैठक मारली. "आई खलाशी?" त्या म्हणाल्या. "मग बरोबर आहे. आणखी कोण वाहणार?"

मधेच तिथे वादळ आलं, खेळ थांबला. नानांनी पाटबंधारेवाल्याच्या अधिकारानं सांगितलं की हिरवळ ओली झाली की चेंडू मंदावतो. शेवटच्या होलवर अदितीचा पट कडेनं गेला. कोर्डा उणे सतरा, इनामी आणि लिडिया को उणे सोळा, अदिती उणे पंधरा. एका फटक्यानं पदक हुकलं. खिडकीबाहेरचे हळहळत पांगले. संध्याकाळी नीरज चोप्रानं भालाफेकीत सुवर्ण मिळवलं आणि सगळी कॉलनी भाल्याची तज्ज्ञ झाली. नानांनी मात्र रात्री मला फोन केला. "चौथा नंबर लागला. जगात चौथा. कुणी पेढे नाही वाटले." दुसऱ्या दिवशी त्यांनीच वाटले. लोकांनी नीरजचे समजून खाल्ले.

नानांचे लाडके खेळाडू बघितले तर बहुतेक हरलेले. टायगर वुड्सबद्दल ते आदरानं बोलतात, जसं आपण मुख्यमंत्र्यांबद्दल बोलतो, पण घरच्यासारखं बोलतात ते अर्जेंटिनाच्या रोबेर्तो दी विसेंझोबद्दल. १९६८ च्या मास्टर्सच्या शेवटच्या फेरीत सतराव्या होलवर त्यानं तीन फटके मारले. कार्डावर आकडे लिहिणाऱ्या सोबतच्या खेळाडूनं चुकून चार लिहिले आणि यानं न तपासता सही केली. नियम असा, की सही झाली की जास्तीचा आकडा कायम. अन्यथा प्लेऑफ झाला असता. एका फटक्यानं मास्टर्स गेली.

ही गोष्ट सांगताना नानांचा आवाज बदलतो. खात्यात मोजमाप पुस्तक असतं, एम.बी. जागेवर किती खोदलं, किती भरलं ते त्यात लिहायचं आणि खाली सही करायची. न खोदलेली माती एम.बी.त खोदता येते, हे खात्याबाहेरच्यांना सहसा ठाऊक नसतं. नानांच्या नोकरीत तेरा बदल्या झाल्या. कारण विचारलं तर "एम.बी." एवढंच म्हणतात आणि १९२५ च्या यूएस ओपनकडे वळतात, जिथे बॉबी जोन्सनं कुणी पाहिलेलं नसताना चेंडू हलल्याचं आपणहून सांगून स्वतःवर एक फटका लावून घेतला आणि शेवटी प्लेऑफमध्ये हरला. "त्याची कुठे बदली नाही झाली," सासूबाई आतून म्हणतात.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ मध्ये, मास्टर्सचा शेवटचा दिवस मी नाशिकलाच काढला. आपल्याकडे रविवारची रात्र. बारा वाजता जयंतीचे फटाके सुरू झाले आणि त्याच सुमाराला तिकडे रोरी मॅकइलरॉयनं पहिला फटका मारला. "आज चौदा एप्रिल," नाना कुजबुजले. "आज कुणाचा वाढदिवस?"

"बाबासाहेबांचा."

"ते आहेच. आणखी?"

मला माहीत नव्हतं. दी विसेंझोचाही म्हणे. त्या चुकीच्या सहीच्या दिवशी तो पंचेचाळीस वर्षांचा झाला होता.

रोरी हा नानांचा जुना रुग्ण. २०११ मध्ये चार फटक्यांची आघाडी घेऊन शेवटच्या दिवशी ऐंशी मारून बसलेला, आणि २०१४ नंतर एकही मोठी स्पर्धा न जिंकलेला. त्या रात्रीही पहिल्याच होलवर डबल बोगी. तेराव्यावर चेंडू सरळ ओढ्यात. नाना सर्व्हेच्या जुन्या वहीत रकाने आखून प्रत्येक होल लिहीत होते : पार, फटके, शेरा. तेराव्यापुढे शेरा होता, 'जागेवर पाहणी आवश्यक.' मी सोफ्यावर डुलक्या घेत होतो. अठराव्यावर पाचेक फुटांवरचा पट चुकला, जस्टिन रोजशी बरोबरी झाली, प्लेऑफ लागला आणि रोरी जिंकला, तेव्हा पावणेपाच वाजत आले होते. तो हिरवळीवर गुडघे टेकून हमसून रडत होता. इकडे नाना टोपीनं डोळे पुसत होते.

सासूबाई उठून आल्या. "काय हो, कोण गेलं?"

"कुणी नाही. जिंकला."

"मग रडतोय कशाला?"

नानांनी उत्तर दिलं नाही. वही माझ्यापुढे सरकवली. "साक्षीदार म्हणून सही करा. तपासून."

मी झोपेत होतो. अठरा आकडे दिसले, खाली रेघ दिसली, सही ठोकली.

नानांनी वही उलटी फिरवली आणि सतराव्या रकान्यावर पेन टेकवलं. "इथे त्यानं किती मारले?"

"चार?"

"तीन. बर्डी होती. मी मुद्दाम चार लिहिले होते." पेनाला टोपण लावलं. "जास्तीचा आकडा कायम. एक फटका वाढला, बरोबरी मोडली. तुमच्या सहीनं रोरी हरला, जावईबापू. रोज जिंकला."

सासूबाईंनी चहाचा कप माझ्या हातात दिला आणि टीव्हीकडे बघितलं. रोरीचे खांदे अजून हलत होते.

"म्हणजे रडतोय ते बरोबर आहे," त्या म्हणाल्या.