निळ्या डॉलरचे माहात्म्य

ज्या वस्तूची विक्री कायद्याने निषिद्ध आहे, तिचा भाव देशातील प्रतिष्ठित वृत्तपत्रांनी रोज सरकारी भावाच्या शेजारी बिनदिक्कत छापावा, आणि खुद्द खजिन्याच्या अधिकाऱ्यांनीही दफ्तर उघडण्यापूर्वी तो नजरेखालून घालावा (घालत नसतील असे मानण्यास माझे मन धजत नाही), असा उदार लोकव्यवहार ज्याला पाहायचा असेल त्याने अर्जेंटिनाकडे दृष्टी वळवावी. ऑक्टोबर २०११ मध्ये तेथील सरकारने डॉलरखरेदीवर निर्बंध लादले. ते डिसेंबर २०१५ मध्ये उठले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये पुन्हा अवतरले. या मनाईहुकमांच्या छायेत जो दुसरा दर वाढीस लागला, त्याला लोक 'ब्लू', म्हणजे निळा डॉलर म्हणतात. काळ्या बाजारास काळा म्हणण्याचा असभ्यपणा त्या सुसंस्कृत समाजाला मानवत नसावा.

राजधानी ब्वेनोस आयरेसमधील फ्लोरिदा या पादचारी रस्त्यावर 'काम्बिओ, काम्बिओ' असा पुकारा करीत जे इसम दिवसभर उभे असतात, त्यांना 'आर्बोलितो', म्हणजे झाडुली, असे लाडके नाव आहे. त्यांच्या मागोमाग एखाद्या आडबाजूच्या खोलीत शिरावे, तर तेथील सराफ शंभर डॉलरची नोट उजेडाकडे धरून प्रथम फ्रँकलिनसाहेबांचा चेहरा न्याहाळतो: तो मोठा असेल तर पूर्ण भाव, जुन्या छापाचा लहान असेल तर काही कसर, आणि वीस-दहाच्या नोटा पुढे करणाऱ्यास त्याहून कमी मान. ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारी दर ३५० पेसो असताना निळा डॉलर हजारावर गेला, तेव्हा एकच नोट घेऊन आत गेलेला प्रवासी हजार-हजारांच्या शंभर नोटांचे पुडके कोठे लपवावे या विवंचनेत बाहेर पडत असे.

मग सरकारी दर कोणासाठी? रेशनच्या दुकानातील फलकावर जसा दर ठळक लिहिलेला असतो आणि माल मात्र संपलेला असतो, तशीच सामान्य नागरिकाच्या दृष्टीने त्याची अवस्था होती. परंतु ज्या आयातदाराच्या अर्जावर परवानगीचा शिक्का उमटला, त्याला ३५० पेसोंत डॉलर मिळत असे, आणि त्या डॉलरने आणलेला माल निळ्या दराच्या हिशेबाने विकण्यास त्याला फारशी अडचण नसे. दोन दरांतील अंतर ही अनवस्था नव्हतीच. ते शिक्का बाळगणाऱ्या टेबलाचे वतन होते.

सरकारचा कल्पकपणाही अल्प नव्हता. सप्टेंबर २०२२ मध्ये सोयाबीन निर्यात करणाऱ्यांसाठी 'सोया डॉलर' काढण्यात आला. पुढच्याच महिन्यात कार्डाने महिन्याला ३०० डॉलरहून अधिक परदेशी खर्च करणाऱ्यांवर अधिक कर बसवून विश्वचषकाच्या मुहूर्तावर 'कतार डॉलर' अवतरला, आणि परदेशी कलावंतांच्या बिदागीवर ३० टक्के कर बसताच लोकांनी त्याचे नामकरण, शहरात तेव्हा मैफली झडवणाऱ्या वाद्यवृंदावरून, 'कोल्डप्ले डॉलर' असे केले. आपणही हसताना जरा जपून हसावे: मार्च १९९२ पासून सुमारे वर्षभर भारतीय निर्यातदाराच्या कमाईचा ४० टक्के भाग सरकारी दराने आणि ६० टक्के बाजारभावाने वटवण्याचा रिवाज रिझर्व्ह बँकेच्याच संमतीने चालू होता. एका रुपयाच्या दोन किमती सरकारमान्य होत्या, एवढेच. आपल्याला झाडुली सुचली नाहीत.

डिसेंबर २०२३ मध्ये अध्यक्ष मिलेई यांच्या राजवटीने सरकारी दर एका रात्रीत ८०० वर नेला, आणि एप्रिल २०२५ मध्ये व्यक्तींवरील निर्बंध बव्हंशी उठवले, तेव्हा दोन्ही भाव एकमेकांच्या शेजारी आल्याने फ्लोरिदावरील पुकाऱ्याचा जोर ओसरावा अशी अपेक्षा होती. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर, सरकारी दराने डॉलर घेणाऱ्याने रोखेबाजाराच्या मार्गाने ९० दिवस ते विकू नयेत, असे फर्मान निघाले. दक्षिण गोलार्धात सप्टेंबर हा वसंताचा महिना असल्याने झाडुल्यांना तो मानवला असेल तर नवल नाही.