येरमाळ्याचा फादर

गावात त्याला 'फादर' म्हणतात. त्याच्या आईसमोर मात्र कुणी म्हणत नाही, कारण तिनं कळंबकडच्या दोन मुली बघून ठेवल्यात आणि असलं नाव सोयरिकीच्या आड येतं.

बारावीपर्यंत पोरगा चारचौघांसारखाच देवभक्त होता. म्हणजे परीक्षेच्या आदल्या दिवशी गावच्या देवीचा, येडाईचा डोंगर चढायचा आणि निकालानंतर पेढे घेऊन पुन्हा चढायचा. मधल्या काळात देवीनं त्याला आणि त्यानं देवीला त्रास दिला नाही. मार्क बरे पडले आणि मुंबईत धोबी तलावच्या सेंट झेवियर्सला नंबर लागला. १८६९ सालचं जेझुइट फादरांचं कॉलेज. दगडी कमानी, आत चॅपेल, आणि वर्गात सगळ्या गावांची, सगळ्या देवांची पोरं. आपल्याकडच्या कॅथलिक कॉलेजांत कॅथलिक मुलं थोडीच असतात. त्यामुळं तिथली कॅम्पस मिनिस्ट्री, म्हणजे विद्यार्थ्यांची प्रार्थना, गायनवृंद, शिबिरं, समाजसेवा हे सगळं बघणारी मंडळी, पाहुण्यांना सरावलेली असते. कुणी डोकावलं तर 'तू कोण?' असं विचारत नाहीत. 'बस' म्हणतात.

हा पहिल्यांदा डोकावला तो खोलीतल्या वसईच्या मित्रामागं, आणि खरं सांगायचं तर प्रार्थनेनंतरच्या सामोशासाठी. टाळ्या वाजवायला हात कमी पडत होते, याचे दोन होते. महिन्याभरात खंजिरी आली आणि दिवाळीपर्यंत गिटार. गिटारीवर त्याला तीन सूर येतात. त्या तिन्हींत तो सगळं बसवतो, आपली देवीची आरतीसुद्धा.

मग लोणावळ्याला तीन दिवसांचं रिट्रीट झालं. तिथून परत आला तो हा 'फादर'.

ही जात मी मुंबई-पुण्यातही पाहिली आहे, येरमाळ्यात तिचा रंग जरा गडद दिसतो एवढंच. अशा पोरांचा धर्म बदलत नाही, बदलतं ते बसणं. चार माणसं दिसली की याला ती गोलात हवी असतात. पारावर म्हातारे पूर्वापार एका रांगेत भिंतीला टेकून बसतात, कारण पाठ दुखते. यानं त्यांना गोल केलं. पहिल्यांदा प्रत्येकानं आपलं नाव आणि आवडतं फळ सांगायचं! साठ वर्षं एकमेकांना शिव्या देणाऱ्या माणसांनी एकमेकांना नावं सांगितली. एकानं फळाच्या जागी सोयाबीनचा भाव सांगितला. पोरगा म्हणाला, "छान शेअरिंग केलंत, आप्पा." आप्पा आजही विचारतात, "मी काय वाटलं रं? माझ्या हातात तर काहीच नव्हतं."

रात्री आजीची पाळी. जेझुइट परंपरेत दिवसाचा आढावा घ्यायची एक रीत आहे, सोळाव्या शतकात लोयोलाच्या इग्नेशियसनं घालून दिलेली. आभार मानायचे, उजेड मागायचा, दिवस आठवायचा, चुकलं ते कबूल करायचं, उद्याचं ठरवायचं. पाच पायऱ्या, पंधरा मिनिटं. चांगली रीत आहे, मला स्वतःला कधी जमली नाही. हा पोरगा आजीच्या खाटेशी वही घेऊन बसला.

"आज्जे, आज दिवसभरात देव तुला कुठं भेटला?"

"देव कुठं जायलाय? डोंगरावर हाय की."

"तसं नाही. कुठल्या क्षणी जाणवला?"

"सांजच्याला म्हस आटली नाही तव्हा."

त्यानं ते लिहून घेतलं. चुकांच्या पायरीवर आजीनं धाकट्या जावेच्या चुका सांगितल्या. पंधरा मिनिटं पुरली नाहीत.

नोव्हेनाचं प्रकरण घरात जास्त गाजलं. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी मावलीची नोव्हेना चालते. नऊ बुधवार सलग जायचं, मागणं चिठ्ठीवर लिहून द्यायचं, पावली की आभाराचं पत्र टाकायचं. सगळ्या धर्मांची रांग असते. यानं नऊ बुधवार लोकल धरून ते केलं, आणि मागितलं काय, तर आजीचा गुडघा. वर मेणाचा एक पायही वाहिला. तिकडं दुखऱ्या अवयवाची मेणाची प्रतिमा वाहतात. वांद्र्याला मोतमावलीच्या जत्रेत तर हात, पाय, घरं, सगळं मेणात मिळतं. गावी येऊन त्यानं मोठ्या कौतुकानं सांगितलं. आजीनं शांतपणे विचारलं, "कंचा वाहिलास? डावा का उजवा?"

"उजवा."

"दुखतोय डावा."

एवढं झाल्यावर कुजबुज होणारच. पोरगं बाटलं, गळ्यात क्रॉस आहे (नव्हता, इअरफोन होता), लग्नात पांढरा झगा मागेल. एका निवृत्त गुरुजींनी पारावर हा विषय मिटवला. म्हणाले, "दोन हजार वीसच्या जानेवारीत आपल्या जिल्ह्याच्या गावी त्र्याण्णवावं साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष कोण? फादर फ्रान्सिस दिब्रिटो, वसईचे. काहींनी विरोध केला, तरी झालं. मंडपाच्या नगरीला नाव गोरोबाकाकांचं आणि खुर्चीवर फादर. मी जाऊन आलो. मी बाटलो का?" गुरुजी बाटले नव्हते, हे सगळ्यांना मान्य होतं. ते संमेलनातून चार पिशव्या पुस्तकं घेऊन आले होते आणि घरात त्यावरूनच जास्त बोलणी बसली होती.

कॉलेजातल्या फादरांनीच पोराला 'क्रिस्तपुराण' वाचायला दिलं. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानं गोव्यात राहून दहा हजारांवर ओव्यांत रचलेलं, १६१६ साली राशोलला छापलेलं. यानं ते आजीला वाचून दाखवलं, अर्थात गद्यासारखं, ठेचा खात. तिसऱ्या ओवीला आजीनं जात्यावरची चाल लावली आणि स्वतः गुणगुणायला लागली. मग थांबून म्हणाली, "ह्या साहेबाला दळण लई असंल." चारशे वर्षांत स्टीफन्सवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, पण आजीचं हे वाक्य मला त्यातल्या बऱ्याचशाहून भारी वाटतं. तो माणूस समुद्रापलीकडून आला आणि इथल्या ओवीत बसला. आमचा पोरगा येरमाळ्यातून निघाला आणि येरमाळ्याला गोलात बसवायला परत आला.

खरी कसोटी २०२३ ला लागली. ईस्टरही चंद्रावरच ठरतो, त्यामुळं तो चैत्र पौर्णिमेच्या आसपास घुटमळत असतो. त्या वर्षी पौर्णिमा ६ एप्रिलला, गुरुवारी आली आणि दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडे. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीच येडाईची पालखी डोंगर उतरून आमराईकडं निघते आणि लाखो माणसं रानात चुनखडी वेचतात. म्हणजे एकाच दिवशी तिकडं चॅपेलमध्ये क्रुसाच्या वाटेची प्रार्थना आणि इकडं चुनखडी. यानं फादरांना विचारलं, थांबू का? फादर म्हणाले, "आजी कुठं आहे तुझी?" आणि त्यांनी त्याला गाडीला घातलं.

इथवर ठीक होतं. पण हा आला तो चार्टपेपर, रंगीत खडू आणि गळ्यात अडकवायच्या नावाच्या चिठ्ठ्या घेऊन. चुनखडी वेचणाऱ्यांचे गट पाडायचे, प्रत्येक गटाला एक म्होरक्या, वेचताना दहा मिनिटं मौन, शेवटी दोन ओळींत अनुभव! बार्शीच्या बाजूनं, कळंबच्या बाजूनं, सोलापूर-धुळे रस्त्यानं ट्रॅक्टर येतच होते. 'आई राजा उदो उदो'च्या गजरात हा मौन पाळायला सांगत होता. गर्दीला त्याचं काही ऐकू गेलं नाही म्हणून मार वाचला. बाया वाकत होत्या, पांढरा खडा उचलत होत्या, ढिगावर टाकत होत्या, पुढं सरकत होत्या. कुणी कुणाला सांगत नव्हतं आणि कुणाचं चुकत नव्हतं. नावाच्या चिठ्ठ्यांपैकी काही उपयोगी पडल्या. चुकलेल्या लेकरांच्या गळ्यात बांधल्या.

दुपारी आमराईत त्यानं शेवटचा प्रयत्न म्हणून आठ-दहा जणांना गोलात बसवलं आणि गिटार काढली. गोल बघून आराध्यांचा एक मेळ तिथंच येऊन बसला. त्यांना वाटलं, पोरानं आपल्यासाठीच जागा धरली. संबळ वाजला, तुणतुणं लागलं, आणि तीन सुरांची गिटार चौथा सूर शोधत राहिली. म्होरक्या आराधीण अर्ध्या तासानं म्हणाली, "वाजीव की, लाजायलास कशाला?" आणि परडी पुढं केली. त्यानं शंभर टाकले. विद्यार्थ्याला शंभर म्हणजे पाच सामोसे.

त्याचा देवावर किती विश्वास आहे हे मला सांगता येणार नाही. नियोजनावर मात्र अढळ आहे. पण सामानाच्या पेटीत फादरांसाठी कुंथलगिरीचे पेढे न विसरता भरतो, नऊ बुधवार आजीच्या गुडघ्यासाठी लोकलला लटकतो, आणि पारावरचे म्हातारे हसतात हे कळूनही पुढच्या सुट्टीत पुन्हा गोल करतो.

निघायच्या आदल्या रात्री फादरांचा फोन आला. ते मूळचे वसईचे, मराठी घरचीच. आजीनं फोन हिसकावला.

"फादर, ह्याला पास करा."

"आजी, ते माझ्या हातात नाही. तुमच्या येडाईला सांगून बघा."

"सांगितलं. ती म्हनली, अभ्यास कर म्हनाव."

"आमच्याकडूनही तोच निरोप आहे."

पोरगा शेजारी उभा राहून ऐकत होता. डोळे भरून आले होते. 'किती सुंदर संवाद,' असं पुटपुटत त्यानं वही काढली, आजची तारीख घातली, दोन्ही मुद्दे एकाखाली एक लिहिले, त्याभोवती रंगीत खडूनं चौकट केली, आणि पुस्तक न उघडता झोपला.