69 जीबी कुणी खाल्ले?

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथच्या परिसरात लायगो-इंडिया ही गुरुत्वलहरींची वेधशाळा उभी राहायची आहे. एप्रिल 2023 मध्ये केंद्राने तिच्यासाठी 2,600 कोटी मंजूर केले. प्रोटॉनच्या दहा हजाराव्या भागाइतकी हालचाल टिपणारं यंत्र म्हणे.

त्याच जिल्ह्यातल्या गोरेगावात घरच्या कॉम्प्युटरमधले 69 जीबी कुठे गेले, हे कुणाला सांगता येत नाही.

(सेनगाव तालुक्यातलं गोरेगाव. फिल्मसिटीवाल्यांनी उगाच मान वर करू नये.)

हार्ड डिस्कच्या खोक्यावर लिहिलंय 1 टीबी. पडद्यावर दिसतात 931 जीबी. पोरगं म्हणतं, दुकानदाराने गंडवलं. दुकानदार म्हणतो, वरूनच असं येतं. कंपनी काहीच म्हणत नाही. तिने खोक्याच्या मागे मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत छापून ठेवलेलं असतं की आमचा 1 जीबी म्हणजे 100 कोटी बाइट.

खोक्याची मागची बाजू वाचणारा माणूस तुम्ही पाहिलाय?

हिशेब सोपा आहे. कंपनी हजाराने मोजते. तिचा 1 टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट, आणि तेवढे ती मोजून देते. विंडोज मोजतं 1,024 ने. त्याचा एक जीबी म्हणजे 107 कोटी 37 लाख 41 हजार 824 बाइट. एक लाख कोटीला याने भागा. उत्तर 931. एक बाइटसुद्धा इकडचा तिकडे झालेला नाही.

चोर सापडला नाही म्हणून जरा वाईट वाटलं ना?

बरं, कायद्याने खरं कोण? दशमान पद्धतीत गिगा म्हणजे शंभर कोटी. त्यामुळे कंपनी बरोबर. पण एमएस-सीआयटीला आपण एक जीबी म्हणजे 1,024 एमबी असं घोकलं, सर्टिफिकेट मिळवलं, ते नोकरीच्या फायलीत लावलं. बरोबर उत्तर परीक्षेपुरतं, दुकानात दुसरंच.

आणि त्याच दुकानात, त्याच बिलावर 8 जीबी रॅम घ्या. ती 1,024 च्या हिशेबाची मिळते. खालच्या ओळीतली हार्ड डिस्क हजाराच्या हिशेबाची. बिल एक, मापं दोन, सही आपली.

घोळ वाढतोही चढत्या भाजणीने. केबीला दोन मापांतला फरक अडीच टक्क्यांच्या आत असतो, जीबीला सात टक्क्यांच्या वर जातो, टीबीला दहाला टेकतो. 2 टीबीची डिस्क विंडोजवर 1.81 टीबी दिसते. जास्त पैसे मोजा, जास्त गायब होतं.

आता 1 टीबीचीच, पण बाहेरून जोडायची डिस्क पुण्यातल्या भाच्याकडे न्या. त्याच्याकडे मॅक आहे. ॲपलने 2009 पासून हजाराने मोजायला सुरुवात केली. तिथे ती पूर्ण 1 टीबी दिसते.

पुण्याला 1 टीबी, गोरेगावला 931 जीबी. मराठवाड्याचा अनुशेष इथेही?

दांडेकर समितीने 1984 मध्ये रस्ते, सिंचन, वीज सगळ्याचा अनुशेष मोजला. जीबी तेवढे राहिले. वैधानिक विकास मंडळाकडे दाद मागावी, तर त्याची मुदतच 30 एप्रिल 2020 ला संपली.

अमेरिकेतली माणसं मात्र कोर्टात गेली. 2006 मध्ये वेस्टर्न डिजिटल या डिस्क कंपनीने तडजोड केली आणि ग्राहकांना भरपाई दिली. काय दिलं? बॅकअपचं सॉफ्टवेअर, फुकट. जागा कमी भरली म्हणून तक्रार, आणि उपाय म्हणून आणखी जागा खाणारी वस्तू!

2007 मध्ये सीगेट या दुसऱ्या कंपनीने तडजोड केली. जुन्या ग्राहकांपुढे पाच टक्के परताव्याचा प्रस्ताव ठेवला. घट सात टक्क्यांची, परतावा पाचाचा. भरपाईतसुद्धा घट.

दोन मापांचा गोंधळ मिटवायला 1998 मध्ये आंतरराष्ट्रीय मानक समितीने 1,024 वाल्याचं वेगळं बारसंही केलं. नाव ठेवलं गिबिबाइट. पेढे वाटले असतील. हाक मात्र अजून कुणी मारलेली नाही.

जुनी 1.44 एमबीची फ्लॉपी आठवते? तिच्यात एक एमबी म्हणजे 1,000 गुणिले 1,024 बाइट. दोन्ही पक्षांना खूश ठेवलं, गणित दोघांचंही चुकवलं. आघाडी सरकारं आपल्याकडे उगाच नावाजली जातात.

हे झालं खोक्याचं. आता आतलं बघू. तिथे माल जास्त आहे.

सी ड्राइव्ह लाल झालेला असतो. तुम्ही आतले सगळे फोल्डर निवडता, राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघता. बेरीज येते, समजा, 90 जीबी. ड्राइव्ह म्हणतो 160 वापरले. मधले 70?

शेतकऱ्याच्या घरात हे समजावून सांगायची गरज पडू नये. सातबाऱ्यावर एकूण क्षेत्र असतं आणि त्यात पोटखराबा असतो. नांगर चालेल तेवढंच आपलं. फरक एवढाच की तलाठी पोटखराबा निदान लिहून तरी देतो.

विंडोज तो लपवतं.

हायबरफिल नावाची एक फाइल असते. कॉम्प्युटर झोपवताना रॅममधला ऐवज डिस्कवर ठेवायला ती जागा अडवून बसते. साधारण रॅमच्या 40 टक्के. तुम्ही आयुष्यात एकदाही हायबरनेट दाबलेलं नसेल. तिला त्याचं काय? हायबरनेशन बंद केलं की ती जाते. मग कॉम्प्युटर सुरू व्हायला जरा जास्त वेळ लागतो. तेवढ्यात चहा होतो.

शेजारी पेजफाइल. रॅम कमी पडली की हिच्यावर भागवायचं. हिला हात लावू नका. यूट्यूबवरचा जो कुणी ही बंद करून टाका म्हणतो, त्याला तुमचा कॉम्प्युटर वापरायचा नसतो.

मग येतो सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन. रिस्टोअर पॉइंट इथे साठतात, कधी कधी कित्येक जीबी. त्यावर राइट क्लिक करा. आकार शून्य दिसेल. रिकामा आहे म्हणून नव्हे, तुम्हाला आत बघायची परवानगी नाही म्हणून. घर तुमचं, डिस्क तुमची, आणि प्रवेश बंदही तुम्हालाच. सिस्टिम प्रोटेक्शनमध्ये जाऊन त्याची कमाल मर्यादा खाली ओढता येते. अगदी शून्यावर ओढू नका. एखाद्या दिवशी तोच फोल्डर कामाला येतो.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा आधार संपला, आणि पुष्कळांनी विंडोज 11 चढवलं. जुनं विंडोज कुठे गेलं? कुठेच नाही. विंडोज डॉट ओल्ड या फोल्डरात ते दहा दिवस मुक्काम ठोकतं, न जाणो तुम्हाला परतावंसं वाटलं तर. दहा दिवसांनी आपोआप निघून जातं. नवव्या दिवशी लोक नवी डिस्क विकत घेतात.

2019 पासून नव्या कॉम्प्युटरांवर सुमारे 7 जीबी पुढच्या अपडेटसाठी आधीच राखून ठेवलेले असतात. तुम्हाला विचारलं होतं? आठवून बघा.

आणि डिलीट केलं तरी जागा का वाढत नाही? कारण तुम्ही डिलीट केलेलंच नाही. रीसायकल बिनमध्ये टाकलंय. गुड मॉर्निंगचे गुलाब, सूर्योदय, दवबिंदू सगळे तिथेच, त्याच ड्राइव्हवर, सुखरूप आहेत. गुगलवाल्यांनाही भारतातल्या भरलेल्या फोनांचा तपास करताना याच फुलांचा माग लागला होता. आपण अजून पाठवतोच आहोत.

आता उलटा प्रकार. काही फोल्डर असतात त्यापेक्षा फुगून दिसतात. विंडोजच्या पोटात विनएसएक्सएस नावाचा एक आहे. त्यातल्या पुष्कळ फाइली डिस्कवर एकदाच असतात, पण दोन ठिकाणांहून दिसतात. एक्सप्लोरर त्या दोन्हीकडे मोजतं. एखादा उत्साही पुतण्या हा बघा केवढा कचरा म्हणत तो हाताने पुसतो.

दुसऱ्या दिवशी विंडोजही पुसलेलं असतं.

वनड्राइव्हची तऱ्हा तिसरीच. फाइल दिसते, नाव दिसतं, 2 जीबी आकार दिसतो. खाली साइझ ऑन डिस्क वाचा. शून्य. फाइल ढगात आहे, तुमच्याकडे नुसती पाटी. पीक विम्याच्या शेवटच्या दिवशी, नेट गेलेलं असताना हे कळतं.

साइझ आणि साइझ ऑन डिस्क या दोन ओळी म्हणजे निम्मा तपास आहे. डिस्क जागा तुकड्यांनी वाटते. फाइल केवढीही चिमुकली असो, अख्खा तुकडा अडतो. 64 जीबीचा पेन ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला की एक तुकडा बहुधा 128 केबीचा. त्यात दहा दहा केबीचे 5,000 अर्ज भरा. ऐवज 50 एमबीचा, जागा गेली 600 च्या वर. अर्ज लहान, फाइल मोठी. सरकारी कामाची सवय असल्याने कुणाला नवल वाटत नाही.

एवढं सगळं धुंडाळूनही बेरीज जुळत नसेल, तर मग आकडाच खोटा असू शकतो. होतं असं. भर कामात लाईट जाते, यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली असते. किंवा कॉपी चालू असतानाच कुणीतरी पेन ड्राइव्ह हिसकून काढतो. मग डिस्कच्या नोंदवहीत रिकामी जागा भरलेली म्हणून राहून जाते. चेकडिस्क चालवा. ती नोंदी तपासते आणि अशी जागा मोकळी म्हणून परत लिहिते. सी ड्राइव्ह असेल तर कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू करायला सांगते, वेळ खाते.

वेळ खाते म्हणून लोक ती मधेच बंद करतात. बटण दाबून.

इतकी उठाठेव कोण करणार? म्हणून एक जण पडद्यावर लाल पाटी लावतो: तुमचा पीसी धोक्यात आहे, आत्ता साफ करा. साफ करणारं सॉफ्टवेअर आधी उतरवायचं, चढवायचं, आणि ते जाताना दोन मित्रांना मागे ठेवून जातं. सेटिंगमध्ये सिस्टिम, सिस्टिममध्ये स्टोरेज. कुणी किती जागा खाल्ली याची यादी विंडोज तिथे स्वतःच देतं, फुकट. फुकट आहे म्हणूनच बहुधा कुणी तिकडे फिरकत नाही.

त्या यादीत एक सापळाही आहे. टेंपररी फाइल्सच्या रांगेत डाउनलोड्सचं नाव असतं. तिथे खूण केलीत तर सातबारे, हॉल तिकिटं, उत्पन्नाचे दाखले, बायोडेटा सगळं जागेवरच साफ. आपल्याकडे डाउनलोड्स हेच कपाट असतं. विंडोजला ते कोण सांगणार?

दुरुस्तीवाल्याचा उपाय एकच. भाऊ, फॉरमॅट मारून देतो. मारतो. जागा दिसते. दिसणारच, पोरीच्या बारशाचे फोटो गेले ना! आणि डिस्क पुन्हा 931 ची 931.

तरीही हे सगळे प्रामाणिक वाटावेत असे लोक आठवडी बाजारात आणि ऑनलाइन भेटतात. तीनशे रुपयांत 2 टीबीचा पेन ड्राइव्ह! कॉम्प्युटर त्याला विचारतो, तू केवढा? तो सांगतो, 2 टीबी. कॉम्प्युटर मान डोलावतो. आत असतात 32 जीबी. चिपला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. 32 संपले की तो पुढचं लिहिल्यासारखं करतो, किंवा आधीच्यावरच लिहितो. फाइलींची नावं सगळी जागच्या जागी दिसतात. लग्नाचा व्हिडिओ उघडेपर्यंत काही कळत नाही. लग्नाचा व्हिडिओ दुसऱ्यांदा कोण उघडतं म्हणा.

तपासायला एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं फुकटचं जर्मन अवजार आहे. रिकामा ड्राइव्ह ते काठोकाठ भरतं, भरलेलं परत वाचतं आणि खरा आकडा सांगतं. 2 टीबीला तास नव्हे, दिवस लागतात. तोवर विकणारा पुढच्या गावच्या बाजारात 4 टीबीचे विकत असतो.