आपला माणूस की बरा कवी?

वाङ्मय मंडळाचा कवी कोण, एवढ्यावरून माणसं एकमेकांशी बोलेनाशी होतात, हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. आपल्याकडे अशा भांडणाला निदान मांडव लागतो. अमेरिकेत, ओहायोतल्या ऑक्सफर्ड नावाच्या छोट्या गावात, मायामी विद्यापीठातल्या बारा पोरांनी ते आपापसांतच उरकलं.

ही पोरं 'डेल्टा कॅपा एप्सिलॉन' या फ्रॅटर्निटीची. फ्रॅटर्निटी म्हणजे ग्रीक अक्षरांचं नाव, कोटावर बिल्ला, थोडी गुपितं, थोड्या शपथा आणि सगळे एकमेकांचे 'ब्रदर'. वाङ्मय मंडळाच्या कवीची निवड आली आणि एक ब्रदर उभा राहिला. पण त्यांच्यातल्याच चौघांनी साफ सांगितलं, की बाहेरचा उमेदवार जास्त चांगला कवी आहे, मत त्याला. आणखी दोघे त्या मंडळात नसूनही या चौघांना मिळाले. सहा विरुद्ध सहा.

१८५५च्या फेब्रुवारीत बंडखोरांनी समेटासाठी जेवण ठेवलं. समोरच्या बाजूने आला एकटा व्हाइटलॉ रीड, आणि येताना मायनर मिलिकिन नावाच्या माजी विद्यार्थ्याला घेऊन आला. माजी विद्यार्थी मध्यस्थीला आला की जे होतं तेच झालं. एका बाजूची हकिगत ऐकून गृहस्थ निकाल खिशात घालूनच आले होते: बंडखोरांना काढून टाका. बेंजामिन रंकलने तिथल्या तिथे बिल्ला काढून टेबलावर फेकला. सहा जणांनी सातवा गडी मिळवला आणि २८ जून १८५५ रोजी नवी चूल मांडली. तीच 'सिग्मा काय' फ्रॅटर्निटी. पुढे जॉन वेन आणि ब्रॅड पिट याच घरात आले.

आपला माणूस म्हणून मान द्यायचा नाही, या हट्टातून जन्मलेल्या या संस्थेने १९३५ साली एक पुरस्कार सुरू केला: 'सिग्निफिकंट सिग'. कोणासाठी? जगात नाव काढलेल्या आपल्याच माणसांसाठी! यात विसंगती शोधू नये. ऐंशी वर्षांत माणसं मवाळ होतात, संस्थांनी तरी किती ताठ राहायचं?

तसंही माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याची खरी रंगत मोठ्या पुरस्कारांत नसते. मानपत्राचं वाचन चालू असताना मंडळी एकमेकांच्या छातीवरच्या चिठ्ठ्या वाचत असतात, कारण चेहऱ्यावरून काही केल्या पत्ता लागत नाही. चष्मा कपाळावर सरकवून, वाकून, आधी बॅचचं साल आणि मग नाव, असं ते वाचन चालतं. मनापासून टाळ्या पडतात त्या किरकोळ बक्षिसांना. सगळ्यांत लांबून कोण आलं? नातवंडं सर्वाधिक कोणाला? प्रिन्स्टन विद्यापीठात तर वयासाठी मानाची काठी आहे. माजी विद्यार्थ्यांच्या मिरवणुकीत, हजर असलेल्या सर्वांत जुन्या बॅचमधला सर्वांत वयस्कर माणूस १९२३च्या बॅचच्या नावाची ती काठी घेऊन निघतो. पात्रता दोनच: जगलेलं असणं आणि आलेलं असणं.

ही बक्षिसं पोरकट वाटतात, पण त्यांच्यावरून फूट पडल्याचं ऐकिवात नाही. विमानाचं तिकीट दाखवता येतं, नातवंडं मोजता येतात, कविता मोजता येत नाही. आणि हजर असणं ही काही हलकी पात्रता नव्हे. पुढच्या यादवी युद्धात बिल्ला फेकणारा रंकल आणि त्याला काढायला निघालेला मिलिकिन, दोघेही उत्तरेच्याच बाजूने लढले. मिलिकिन १८६२च्या अखेरीस रणांगणावर पडला. तेव्हा मंडळाचा कवी कोण झाला होता, याची चौकशी कोणी केली नसावी.

म्हणून आपल्या कॉलेजचं स्नेहसंमेलन भरवणाऱ्या मंडळींना एक विनंती. बक्षिसं भरपूर ठेवा, मोजता येतील अशी ठेवा. कवितेला बक्षीस ठेवायचंच असेल, तर ते जेवणं उरकल्यावर जाहीर करा. आणि वाद झालाच, तर मध्यस्थीला माजी विद्यार्थी बोलावू नका.